सिंहगडावर पक्षी पाहायचे असतील तर आधी गड चढू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे: रविवारी पहाटे पुण्याहून निघून आतकरवाडीच्या पायवाटेने गड चढतो, दुर्बीण गळ्यात असते, तरी बुलबुल, घारी, कावळे आणि एखादा चीरक एवढंच दिसतं. नवरंग, स्वर्गीय नर्तक, निळे माशीमार यांचे सिंहगडचे म्हणून फोटो दिसतात, ते पक्षी नक्की कुठे आणि कधी असतात? सोबत काय न्यावं?

पक्षी तिथेच आहेत. चुकतो आहे तो क्रम. सिंहगडाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर आहे आणि पायथ्यापासून वर जाताना साधारण ६०० मीटर चढ पडतो. एवढ्या उंचीत पक्ष्यांच्या दृष्टीने चार वेगळ्या जागा येतात. खाली आतकरवाडीजवळ ओढ्याकाठची दाट झाडी, जिला पक्षी पाहणारे ‘सिंहगड व्हॅली’ म्हणतात. त्यावर गवत आणि झुडपांचा उघडा उतार. घाटरस्ता आणि त्यासाठी कापलेल्या खडकाच्या भिंती. शेवटी माथा आणि त्याचे कडे. ट्रेकची पायवाट बहुतांश दुसऱ्या जागेतून, म्हणजे उघड्या उतारावरून जाते. झाडीतला पक्षी तिथे यायला काही कारणच नाही. सूर्योदयानंतरचा पहिला दीड तास हा दिवसातला सगळ्यात कामाचा वेळ. तो तुम्ही मान खाली घालून, धापा टाकत, याच पट्ट्यात घालवता. वर पोहोचेपर्यंत वारा सुटलेला असतो आणि पिठलं-भाकरीच्या चुली पेटलेल्या असतात.

म्हणून आधी दरी, मग घाट, आणि माथा सगळ्यात शेवटी. माथा राहिला तरी यादीत फारसा फरक पडत नाही.

दरीत जाण्याची वेळ ऋतूप्रमाणे बदलते. मे-जूनमध्ये पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. तेव्हा पावणेसहाला जागेवर असायला हवं, कारण साडेआठनंतर उकाड्याने हालचाल मंदावते. डिसेंबर-जानेवारीत सूर्योदयच सातच्या पुढे होतो आणि दरी डोंगराच्या सावलीत असल्याने ऊन खाली उतरायला आणखी वेळ लागतो. थंडीत सहा वाजता तिथे जाऊन नुसतं कुडकुडणं होतं. साडेसात ते दहा हा खरा वेळ. उन्हाची पहिली तिरीप ज्या झाडाच्या शेंड्यावर पडते तिथे किडे आधी हलू लागतात आणि पक्षीही तिथेच आधी जमतात. पोहोचल्यावर आजूबाजूच्या झाडांत ऊन कुठे आलंय ते बघा आणि पाठ सूर्याकडे येईल अशी जागा धरा. उजेडाकडे तोंड करून पाहिलेला प्रत्येक पक्षी काळाच दिसतो आणि नंतर त्याच्या नावावरून वाद होतात.

चालणं कमी ठेवा. दरीत अर्धा किलोमीटर अंतराला दोन तास द्यावेत. झाडीतला पक्षी माणूस आला की गप्प होतो आणि पुन्हा बोलायला दहा-पंधरा मिनिटं घेतो. पाच मिनिटं थांबून पुढे सरकणारा माणूस कायम त्या गप्प पट्ट्यातूनच चालत राहतो, मग ‘आज काही नाही’ म्हणतो. बरं, एका जागी थांबलात की कानाला कामं येतात. वाळक्या पाल्यात सतत, गोंधळाची खसखस येत असेल तर सातभाई किंवा तसलाच कुणी थव्याने फिरणारा. खसखस, मग शांतता, पुन्हा दोन-तीन फटके, असा ताल असेल तर नारिंगी डोक्याचा कस्तूर असण्याची शक्यता मोठी. तो चोचीने पान बाजूला फेकतो आणि थांबून बघतो. आपल्याकडच्या कस्तुराचा गळा पांढरा असतो आणि गालावर दोन उभे काळसर पट्टे असतात. पाय ओढून माती उकरल्याचा जड आवाज आला तर चकोत्री (तित्तिरासारखा जमिनीवरचा पक्षी) समजा. ती दिसण्याआधी पळते, म्हणून आवाजाकडे चालत जाऊ नका.

हिवाळ्यात दरीत सगळ्यात जास्त पक्षी एका वेळी देतो तो मिश्र थवा. अर्धा तास काहीच नसतं आणि अचानक एका झाडात वीस-पंचवीस पक्षी: ब्राउन-चीक्ड फुलवेटा, सुभग, छोटा निखार, नाचण, रामगंगा, ब्लॅक-नेप्ड मोनार्क, सोबत एखादा सुतार. यामागे लागणं ही हमखास होणारी चूक आहे. थवा एका दिशेने सरकत असतो. मागून गेलात तर फक्त शेपट्या दिसतात आणि तुमच्या पायांच्या आवाजाने त्याचा वेग वाढतो. दिशा ओळखा, वळसा घालून वीस-तीस मीटर पुढे जा आणि झाडाला टेकून उभे राहा. थवा तुमच्या डोक्यावरून जातो. आधी शेंडा बघण्याचा मोह होतो, पण उंचीचे थर पाडून बघितलं तर हातून कमी सुटतं. निखार वर, नाचण आणि मोनार्क मधल्या फांद्यांत, फुलवेटा झुडपांच्या पातळीला.

आता निळे माशीमार. नवख्याची सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. टिकेलचा निळा माशीमार वर्षभर दरीत असतो. नराची पाठ निळी, गळा आणि छाती नारिंगी, पोट पांढरं. धातूच्या तारेवर नख फिरवावं तशी सहा-सात सुरांची छोटी लकेर तो पुन्हा पुन्हा घेतो. गळाही निळाच असून नारिंगी फक्त छातीवर असेल तर ब्लू-थ्रोटेड फ्लायकॅचर. म्हणजे पाठीकडे बघत बसू नका, गळा बघा. अल्ट्रामरीन फ्लायकॅचर हिवाळी पाहुणा आहे, नोव्हेंबर ते मार्च. आकाराने लहान, वरून गडद निळा, खालून पांढरा, छातीच्या दोन्ही बाजूंना निळे ठिगळ. आपल्याकडे येणाऱ्या नराला बहुधा पांढरी भुवईही असते. तो झाडाच्या मधल्या थरात फिरतो आणि माशी पकडून दर वेळी त्याच फांदीवर परततोच असं नाही, म्हणून फांदीवर नजर रोखून बसलात तर निसटतो. त्याची मादी करड्या-तपकिरी रंगाची, जवळजवळ बिनखुणेची. नर जवळपास नसेल तर तिला नाव देण्याची घाई करू नये.

स्वर्गीय नर्तकाबाबत एक गैरसमज काढून टाका: लांब शेपटीचा तांबूस पक्षी म्हणजे मादी नव्हे. तरुण नर तांबूस असतात, त्यांची शेपटी लांब होते आणि पांढरा रंग पुढे येतो. मादीची शेपटी आखूड. हा पक्षी बघायला मार्च ते मे हा काळ चांगला, आणि त्याचं कारण पाणी.

फेब्रुवारीनंतर ओढा तुटतो आणि ठिकठिकाणी डबकी राहतात. पाणी जितकं कमी, तितके पक्षी त्या मोजक्या डबक्यांवर एकवटतात. उन्हाळ्यात म्हणूनच दुपारी अकरा ते चार ही एरवी वाया जाणारी वेळही कामाची होते. बसायचं कसं ते नीट ठरवा. डबक्यापासून दहा-पंधरा मीटरवर, सावलीत, खाली बसून, आणि पक्ष्यांच्या येण्याच्या वाटेत न येता. पक्षी थेट पाण्यावर उतरत नाही. आधी जवळच्या उंच फांदीवर, मग खालच्या, मग काठावर अशा दोन-तीन टप्प्यांत येतो. त्या फांद्यांखाली तुम्ही बसलात तर तो वरूनच परत जातो, आणि उन्हाळ्यात पाण्याविना परत जाणं त्याला महागात पडतं. अर्धा तास झाला, पक्षी वर फांदीवर येऊन घुटमळतात पण उतरत नाहीत, असं दिसलं तर जागा चुकली आहे. उठा आणि मागे सरका. स्वर्गीय नर्तक पाण्यात बसून आंघोळ करत नाही, उडता उडता सूर मारून छाती भिजवतो, त्यामुळे कॅमेरेवाल्यांनी शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत ठेवायला हवा. झाडीतल्या उजेडात त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० च्या पुढे जातो, जाऊ द्या. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.

काही ठिकाणी पाण्याचं टोपलं आणि किड्यांची लालूच ठेवून पक्षी ठरलेल्या फांदीवर आणण्याची पद्धत पडली आहे. ती टाळावी असं माझं स्पष्ट मत आहे. एकाच जागी रोज ठरल्या वेळी पक्षी येतात हे शिक्रा आणि गावातली मांजरं लवकर शिकतात. न बदललेल्या टोपल्यातल्या पाण्यातून आजारही पसरतात. शिवाय फोटो सगळ्यांचे एकसारखे येतात, तो भाग वेगळा.

नवरंगासाठी मात्र वेगळी तयारी. तो मे अखेरीस येऊ लागतो आणि पाऊस धरला की इथल्या झाडीत वीण करतो. मे अखेर ते जूनचा पूर्वार्ध हा सगळ्यात सोपा काळ. तेव्हा जागा ठरवण्यासाठी तो सतत ओरडतो, झुडपं अजून घनदाट झालेली नसतात आणि ओढ्यातल्या वाटा कोरड्या असतात. जुलैत तो तिथेच असतो, पण पानांच्या भिंतीमागे. हाक दोन सुरांची, स्पष्ट शीळ, पहाटे आणि संध्याकाळी, पाऊस उघडल्यावर दुपारीही. ओरडताना तो जमिनीपासून दोन-चार मीटरवरच्या फांदीवर असतो आणि एरवी जमिनीवर पानं उलथत असतो. त्यामुळे शीळ ऐकू आली की डोळे झाडाच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात फिरवा. रंग नऊ असले तरी पाठ हिरवी आहे. पाठमोरा नवरंग पाचोळ्यात सहज विरून जातो. आधी हलणारं आखूड शेपूट सापडतं.

मोबाइलवर त्याची हाक वाजवून त्याला बोलावू नका. हाक ऐकून तो येतो, कारण त्याला वाटतं दुसरा नर आपल्या हद्दीत घुसला. मग तो खाणं सोडून तासभर नसलेल्या शत्रूला हुसकत बसतो. रविवारी सकाळी पाच गटांनी पाच वेळा हेच केलं तर त्या जोडीची वीण धोक्यात येते. घरटं दिसलं तर जागा कुणाला सांगू नका आणि थांबू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार पक्ष्याच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं शिकारीच्या व्याख्येतच मोडतं.

याच दिवसांत पावशा ‘पेर्ते व्हा’ घोकत असतो आणि पावसाबरोबर चातक येतो. दोघेही उघड्यावर बसून ओरडतात, शोधावे लागत नाहीत.

दरीतून साडेनऊच्या सुमारास बाहेर पडा आणि घाटाकडे वळा. चौकीवर उपद्रव शुल्क भरून गाडी वर जाते. पावसाळ्यात दरडींमुळे घाट बंद ठेवतात, तेव्हा आदल्या दिवशी चौकशी करून निघा. घाटातला खास पक्षी म्हणजे युवराज, क्रेस्टेड बंटिंग. नर काळा, पंख आणि शेपटी विटकरी, डोक्यावर टोकदार तुरा. रस्त्याकडेच्या खडकावर, तारेवर किंवा निष्पर्ण फांदीच्या टोकावर बसतो. जून ते सप्टेंबर गातो, तेव्हा सगळ्यात सोपा. हिवाळ्यात गवताच्या बियांवर जमिनीलगत फिरतो आणि बुलबुल समजून सुटतो. कापलेल्या खडकाच्या भिंती हिवाळ्यात नीट बघा: निळा शैलकस्तूर एखाद्या टोकावर ताठ बसलेला असतो, कृष्ण थिरथिरा शेपूट थरथरवत असतो. खडकावरून उंदरासारखा सरपटत जाणारा, पिवळट भुवईचा, पंखावर पट्टी नसलेला चिमुकला वॉर्बलर म्हणजे सल्फर-बेलीड. झाडाच्या शेंड्यात ‘चिस्विप’ करणारा, पंखावर फिकट पट्टी असलेला तो ग्रीनिश. पिसं मोजत बसण्यापेक्षा तो कुठे फिरतोय ते बघितलं की हे कोडं बरंचसं सुटतं.

घाटात वळणावर गाडी उभी करू नका. रुंद जागा मोजक्याच आहेत. तिथे गाडी लावून दोनशे-तीनशे मीटर चालत जा. मागून येणारा ड्रायव्हर दरीकडे बघत गाडी चालवतो, तुमच्याकडे नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये घाट आणि पायवाटेचा उतार दोन्ही एका कारणासाठी बघण्यासारखे होतात. पांगारा, काटेसावर, पळस आणि धायटी फुललेली असते. फुललेल्या पांगाऱ्याखाली अर्धा तास बसलात तर सूर्यपक्षी, पळसमैना, हळद्या, टकाचोर, चष्मेवाला, पर्णपक्षी, कोतवाल अशी बारा-पंधरा जातींची हजेरी सहज लागते. आंब्यावरच्या बांडगुळाकडेही बघा, फुलटोच्या तिथे असतो. याच महिन्यांत गवताला वणवे लागतात. जळालेला उतार आठवडाभर कोतवाल आणि वेड्या राघूंना बरा, जमिनीवरच्या पक्ष्यांना मात्र तो हंगामच गेला. आग दिसली तर वन खात्याला कळवा.

माथ्याबद्दल थोडक्यात. दहानंतर ऊन तापून कड्यांवरून हवा वर चढू लागते आणि शिकारी पक्षी तरंगू लागतात, म्हणून माथा उशिरा. कल्याण दरवाजा किंवा तानाजी कड्याच्या बाजूला, कठड्याच्या आत उभं राहून डोळ्यांच्या पातळीला आणि खाली बघा. मोरघार, सापमार गरुड, हिवाळ्यात खरूची, कधी शाहीन ससाणा. वरून पाठ दिसते, ती खालून पोट बघण्यापेक्षा कधीकधी जास्त सांगते. कड्याला लागून घिरट्या घालणारी मातकट रंगाची, शेपटी पसरल्यावर पांढरे ठिपके दिसणारी ती क्रॅग मार्टिन. कंबर पांढरी आणि पंख कोयत्यासारखे असतील तर पाकोळी. पठारावरच्या गवतात मलबार चंडोल. एवढं झालं की ताक पिऊन उतरा.

सामानात दुर्बीण ८x४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) घ्या, १०x४२ नको. दोन्हीत भिंग तेवढंच, पण डोळ्यापर्यंत येणारी प्रकाशाची चकती आठपटीत सव्वापाच मिलिमीटर आणि दहापटीत ४.२ मिलिमीटर पडते. झाडीच्या अंधारात हा फरक जाणवतो. आठपटीत दिसणारा परीघही मोठा असतो, त्यामुळे फांदीतला पक्षी लवकर सापडतो, आणि हात हलल्याने चित्र कमी थरथरतं. दोन मीटरपर्यंत फोकस होणारी असेल तर उत्तम. बऱ्याच जणांची दुर्बीण धूसर दिसते ती डाव्या-उजव्या डोळ्यांतला फरक न जुळवल्यामुळे. वीस मीटरवरची वाळकी काटकी निवडा, उजवं भिंग हाताने झाका, मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला काटकी रेखीव करा. मग डावं झाका, मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच काटकी रेखीव करा. कडीवरची खूण लक्षात ठेवा. पुढे फक्त मधलं चाक. चष्मा असेल तर डोळ्यांजवळचे रबरी कप खाली, नसेल तर वर. पक्षी दुर्बिणीत सापडत नसेल तर नजर पक्ष्यावरून न काढता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची सवय करा.

कपडे मातकट किंवा गडद हिरवे, पूर्ण बाह्यांचे. पाणी दोन लिटर, टोपी, पावसाळ्यात दुर्बिणीसाठी प्लास्टिकची पिशवी. अत्तर आणि सुगंधी डिओ लावू नका. कड्यांवर आणि मोठ्या झाडांवर आग्या मोहोळं असतात. उग्र वास आणि धूर त्यांना उठवतो. दगड उलथू नका, खाली फुरसं असू शकतं. भागात बिबट्याचा वावर आहे, त्यामुळे अंधारात ओढ्यात एकट्याने बसू नये. वांदर फांदीवरून एका दिशेला बघत खाकरायला लागले तर बाहेर पडा.

आवाज ओळखणारं मर्लिन ॲप जरूर वापरा, पण ते सांगेल तो पक्षी डोळ्यांनी बघितल्याशिवाय यादीत घालू नका. कोतवाल शिक्र्याची नक्कल करतो, पर्णपक्षी तर निम्म्या जंगलाची. ॲप त्यात फसतं. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना दरी, घाट आणि माथा यांच्या तीन वेगळ्या याद्या करा आणि दिसलेल्या सगळ्या जाती, कावळे-साळुंक्यांसकट, आकड्यांनिशी लिहा. तिन्हींची एकच यादी केली तर कोणता पक्षी कोणत्या उंचीला होता हे नंतर तुम्हालाही सांगता येणार नाही, आणि सिंहगडाच्या नोंदीत नेमकं तेच महत्त्वाचं.

रविवारशिवाय जमत नसेल तर दरीत सातच्या आत पोहोचा, गट चार जणांपेक्षा मोठा नको, आणि नऊला गर्दी वाढली की घाटाऐवजी कोंढणपूरकडून कल्याण गावच्या बाजूला जा. गड तोच, माणसं पुष्कळ कमी, झुडपी उतारावर वटवटे, रानचिमण्या, तित्तिर आणि हिवाळ्यात उरलेसुरले माशीमार. ते जमणार नसेल तर परतीच्या वाटेवर खडकवासल्याच्या पाणफुगवट्यावर थांबा. नदीसुरय, धोबी आणि टिबुकल्या भर दुपारीही दिसतात.